ठेंगणी गाडी, लांबचा पल्ला

पुण्याहून कोइमतूरला बिऱ्हाड हलवायचं ठरलं तेव्हा घरच्यांना घोर होता काचेच्या कपाटाचा आणि आजेसासूबाईंच्या पितळी भांड्यांचा. मला होता बॉक्सस्टरचा. पोर्शेची दोन शिटांची, कापडी टपाची, सेकंडहँड घेतलेली गाडी. जमीन आणि पोट यांच्यात वीतभरही अंतर नाही. अशी गाडी संसाराबरोबर परराज्यात न्यायची वेळ कुणावर आली, तर हे अनुभवाचे बोल उपयोगी पडावेत.

१. चालवत न्यायची का, हे आधी ठरवा.

"बाराशे किलोमीटर तर आहे, मस्त ड्राइव्ह होईल," असं म्हणणारे खूप भेटतात. त्यांतल्या बहुतेकांकडे एसयूव्ही असते. सातारा ते कागल सहापदरीकरणाची कामं वर्षानुवर्षं चालू आहेत. एखादा डायव्हर्जन अचानक सर्व्हिस रोडवर उतरवतो आणि तिथे रातोरात उगवलेला, पट्टे न मारलेला स्पीडब्रेकर असतो. ठेंगणी गाडी असल्या ब्रेकरवरून तिरकी, एकेक चाक चढवत काढावी लागते. मागचा ट्रकवाला तोवर हॉर्न बडवत असतो. बॉक्सस्टरमध्ये स्टेपनीही नसते. पंक्चर बुजवायचा द्रव आणि छोटा पंप एवढंच मिळतं. टायर कडेला फाटला तर तो द्रव कुचकामी, आणि पुढच्या-मागच्या टायरची मापं वेगवेगळी असल्यामुळे चित्रदुर्गला कुणी ते काढून देईल याची आशा नको. हौस म्हणून हा प्रवास जरूर करावा, पण शिफ्टिंगच्या आठवड्यात नाही.

२. पॅकर्सच्या कोटेशनमध्ये 'कार – १' अशी ओळ असते, तिच्यावर थांबू नका.

घरसामान नेणारे लोक गाडी स्वतः क्वचितच नेतात. ते ती कार कॅरियरवाल्याकडे सोपवतात आणि मधलं कमिशन घेतात. गाडी प्रत्यक्षात कुणाच्या वाहनात चढणार, ते उघडं ट्रेलर की बंद कंटेनर, एकमजली की दुमजली, वाटेत गाडी बदलणार का, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. पुण्याच्या माणसाला एक फायदा आहे. चाकणच्या कारखान्यांतून नव्या गाड्या भरून कंटेनर देशभर जातात, त्यामुळे कॅरियरवाले इथे मुबलक आहेत. तोटा असा, की त्यांच्या हिशेबात तुमची गाडी म्हणजे उरलेली एक जागा भरण्याची सोय. कंटेनर भरेपर्यंत ती यार्डात उभी राहते, आणि यार्डातली पोरं ती इकडून तिकडे हलवतात. तेव्हा किलोमीटरचा आकडा आणि पेट्रोलचा काटा यांचा फोटो बिल्टी हातात पडायच्या आत काढून ठेवा. पेट्रोल पाव टाकीच ठेवा.

दुमजली असेल तर वरचा मजला मागून घ्या. खालच्या गाडीवर वरच्या गाडीचं तेल गळू शकतं, आणि आपलं टप कापडी आहे.

३. बिल्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा.

हा भाग कंटाळवाणा आहे, पण पैशांचा आहे. 'कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७' आणि त्याखालचे २०११ चे नियम यांच्यानुसार वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. त्याहून जास्त हवी असेल तर मालाची किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर भरावा लागतो. भाडं तीस हजार धरलं तर दहापट म्हणजे तीन लाख. स्पोर्ट्स कारचा पुढचा बंपर, एक दिवा आणि रंगकाम एवढ्यात ते संपायला वेळ लागत नाही. नुकसान झालंच तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवरच्या बाचाबाचीला कायद्यात किंमत नाही.

पॅकर्सवाले 'ट्रान्झिट इन्शुरन्स' म्हणून तीन-चार टक्के लावतात, तेव्हा पॉलिसीचा नंबर आणि विमा कंपनीचं नाव मागा. ते मिळालं नाही तर तो विमा नव्हे, नुसता बिलातला आकडा आहे असं समजा. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. खासगी गाडीच्या आपल्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट किंवा विमानाने नेताना होणारं नुकसानही धरलेलं असतं. नुसती थर्ड पार्टी असेल तर मात्र नाही. क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो, म्हणून किरकोळ ओरखड्यासाठी ती वाट धरू नये. मोठं काही घडलं तर ती आहे, हे विसरू नये.

४. गाडीला धोका रस्त्यावर नाही, फळीवर आहे.

बाराशे किलोमीटर गाडी बांधलेली असते, तिला फारसं काही होत नाही. होतं ते पहिल्या आणि शेवटच्या पंधरा-वीस फुटांत. कंटेनरचा तळ छातीच्या उंचीला असतो. त्याला दोन लोखंडी चॅनेल टेकवायची आणि गाडी झपकन वर न्यायची, ही नेहमीची पद्धत. साध्या गाडीला ती चालते. ठेंगणी गाडी दोन ठिकाणी अडते. चॅनेल जिथे जमिनीला टेकतं तिथे नाक घासतं, आणि जिथे कंटेनरच्या तळाला मिळतं तिथे पोट टेकतं.

आमच्या लोडिंगला जो म्होरक्या होता त्याच्या हाताला मी अजून मानते. त्याने कंटेनर आधी मातीच्या धक्क्याला मागे लावला, त्यामुळे चढ निम्म्यावर आला. मग चॅनेलच्या खालच्या टोकाशी लाकडी फळ्या एकीपुढे एक अशा रचल्या, की नाकासमोर भिंत उभी न राहता लांबट उतार तयार झाला. गाडी इंजिनावर न चढवता विंचच्या तारेने इंच इंच ओढली. स्वतः पालथा पडला, एका हातात मोबाइलचा टॉर्च आणि दुसऱ्या हातात खोक्याचा फाडलेला पुठ्ठा. पोट वरच्या कडेशी आलं की तो पुठ्ठा फटीत सरकवायचा. पुठ्ठा मोकळा फिरला तर बोटाने "येऊ दे", अडकला की मूठ वर, आणि विंच थांबायचा. मग अजून एक फळी. हे बघताना माझ्या लक्षात आलं, की लोडिंगच्या दिवशी घाई असलेला माणूस नको. संध्याकाळी सहाला "आटपा, गाडी सुटायचीय" असं ऐकू आलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बोलवा म्हणावं.

विंचची तार अडकवायचा हूक टूलकिटमध्ये असतो. बंपरवरचं छोटं टोपण काढलं की आटे दिसतात, त्यात तो आवळायचा. ठाऊक नसलेली माणसं तार सस्पेन्शनच्या आर्मला गुंडाळतात. म्हणून हूक आधीच काढून शिटाखाली ठेवावा आणि सुटायच्या आधी बसवून दाखवावा.

बांधतानाही तेच. पट्टा टायरवरून गेला पाहिजे, अ‍ॅलॉयच्या काड्यांतून नव्हे. चाकं बांधली की अंग स्प्रिंगवर हलायला मोकळं राहतं. बॉडी खाली खेचून बांधली तर प्रत्येक खड्ड्याचा हिसका पट्ट्याला आणि चॅसिसला बसतो. सुती दोर दिसला तर नम्रपणे पण ठाम नकार द्या.

५. बॅटरी मेली तर बॉनेट उघडत नाही, आणि बॅटरी बॉनेटखालीच आहे.

हा विनोद नाही. बॉक्सस्टरचं इंजिन शिटांच्या मागे असतं, पुढे डिकी आणि तिच्या टोकाला काचेजवळ बॅटरी. त्या डिकीचं कुलूप विजेवर उघडतं. यार्डात गाडी पडून राहिली, अलार्म चालू राहिला, की बॅटरी उतरते, आणि मग घराची चावी घरातच ठेवून दार ओढून घेतल्यासारखी अवस्था होते. अनोळखी माणूस अशा वेळी पहार शोधतो.

खरा उपाय ड्रायव्हरच्या पायाशी, फ्यूजच्या डब्यात आहे. त्यात बाहेर ओढता येणारं एक लाल टोक असतं. त्याला दुसऱ्या बॅटरीचा प्लस आणि दाराच्या कडीच्या धातूला मायनस लावला की कुलपाला पुरेल एवढी वीज मिळते. मग नेहमीची कळ ओढायची. गाडी त्या वायरींवर चालू करायला जायचं नाही, त्या त्यासाठी नाहीत. हे सगळं मी ठळक अक्षरांत हिंदीत लिहून फ्यूजच्या झाकणाशेजारी चिकटवलं होतं, वर चित्रही काढलं होतं. तो कागद कोइमतूरला पोचला तेव्हा त्याच्यावर काळ्या बोटांचे ठसे होते, म्हणजे कुणाला तरी तो लागला होता.

६. कंटेनरमध्ये गाडीवर कव्हर घालू नका. आत धूळ असतेच, ती कव्हरखाली जाते, आणि वाटभरच्या थरथराटात कव्हर पॉलिश पेपरचं काम करतं. गाडी धुऊन, उन्हात फोटो काढून, उघडीच द्या.

७. दोन डिक्या रिकाम्या दिसल्या की पॅकर्सची पोरं त्यांत उशा कोंबायला येतात. देऊ नका.

वापरलेल्या घरगुती आणि वैयक्तिक सामानाला ई-वे बिल लागत नाही. त्यात वापरलेली कार बसते का, यावर केरळ उच्च न्यायालयात २०१८ साली वाद झाला आणि निकाल करखात्याच्या विरोधात गेला. नाक्यावरच्या माणसाला हे तोंडपाठ असेलच असं नाही. म्हणून 'गाडी स्वतःच्या वापराची आहे, विक्रीसाठी नाही' असं पत्र, आरसी, विमा आणि पीयूसीच्या प्रती ड्रायव्हरजवळ असाव्यात. मूळ कागद आपल्या पर्समध्ये. डिकीत प्रेशर कुकर आणि गोधड्या निघाल्या, तर त्या पत्राला अर्थ उरत नाही.

८. फास्टॅग झाका. बंद कंटेनरमध्ये सहसा काही होत नाही. पण शेवटचा टप्पा उघड्या फ्लॅटबेडवर असतो, आणि टोलवरचा रीडर फ्लॅटबेडबरोबर वर बसलेल्या गाडीचाही टॅग वाचू शकतो. कोइमतूरच्या अलीकडे कणियूरचा टोल आहे. आम्ही काचेला आतून स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल दुहेरी घडी करून लावली होती.

९. गाडी बाईच्या नावावर असेल तर एक वेगळी तयारी ठेवा. यार्डातला सुपरवायझर, नाक्यावरचा हवालदार, फ्लॅटबेडवाला, सगळे फोन करून "साहेबांना द्या" म्हणतात. आमचे साहेब त्या वेळी भिंतीवरचा टीव्ही काढण्यात गुंतले होते आणि त्यांना या गाडीचा रिव्हर्स गिअरही सापडत नाही. बिल्टीवर माल घेणाऱ्याच्या रकान्यात माझंच नाव आणि माझाच नंबर हवा, हे मी आग्रहाने बघितलं. उतरवून घेताना सहीच्या आधी गाडीभोवती फिरून ओरखडे लिहायचा हक्कही त्याच नावाला मिळतो.

कोइमतूरला उतरवणाऱ्या अण्णांनी मात्र किल्ली थेट माझ्या हातात दिली. हे रेसिंगचं गाव. करिवर्धन यांच्या नावाचा कारी मोटर स्पीडवे इथलाच. तिथे फॉर्म्युला गाड्या ट्रकमधून चढ-उतार होतात, त्यांच्यापुढे माझी बॉक्सस्टर उंचच म्हणायची. अण्णांना पुठ्ठा लागला नाही.

१०. आरटीओचं काम निघण्यापूर्वी अर्धं उरकून ठेवा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहणार असेल तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्याआधी इथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. बाकी असलेली ई-चलनं भरल्याशिवाय ती मिळत नाही, आणि कर्ज असेल तर बँकेचं पत्रही लागतं. तमिळनाडूत गाडीच्या वयाप्रमाणे पुन्हा टॅक्स भरायचा आणि नवा नंबर लागल्याचा पुरावा जोडून महाराष्ट्रातल्या उरलेल्या टॅक्सचा परतावा मागायचा. हा परतावा मिळेपर्यंत पुण्यातला एखादा मेहुणा कामाला लावावा लागतो.

एनओसीच्या अर्जावर चॅसिस नंबरचा पेन्सिलने घासून काढलेला ठसा द्यावा लागतो. तो नंबर पुढच्या डिकीत, बॅटरीच्या बाजूच्या झाकणाखाली आहे. इंजिन नंबर मात्र खाली, क्रँककेसवर असतो आणि तो लिफ्टशिवाय दिसत नाही. तपासणीला आलेले इन्स्पेक्टर बॉनेट उघडायला सांगतात आणि आत गालिचा घातलेली रिकामी डिकी दिसते. मागचं झाकण उघडलं तरी तेल आणि कूलंट घालायची दोन तोंडंच दिसतात. म्हणून पुण्यात शेवटच्या सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर असतानाच दोन्ही नंबरांचे स्पष्ट फोटो काढून घ्या, आणि चॅसिसचे ठसे एकाच्या जागी चार-पाच. एक तरी पुसट निघतोच.