आठवणीलाही सील हवं

नायब तहसीलदार म्हटलं की लोकांना सातबारा, दाखले आणि निवडणुकीची कामं आठवतात. पण त्याच खुर्चीला कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकारही असतात आणि त्यांच्याबरोबर एक जोखमीचं काम येतं : ओळख परेड. संशयिताला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या माणसांच्या रांगेत उभं करायचं, पोलिसांना बाहेर ठेवायचं, पंचांसमोर साक्षीदाराला आत बोलवायचं आणि जे घडेल ते लिहून काढायचं. नोकरीत अशा परेड बऱ्याच घेतल्या. त्यांतून एक गोष्ट मनावर ठसली. चुकीची ओळख पटवणारा साक्षीदार खोटारडा असतोच असं नाही. त्याची आठवणच मधल्या काळात बदललेली असते आणि ती बदलायला आजूबाजूच्या माणसांचा हातभार लागलेला असतो.

एक परेड सविस्तर सांगतो. एका शिक्षिकेचं मंगळसूत्र संध्याकाळच्या वेळी मोटारसायकलवरच्या दोघांनी हिसकावलं होतं. मागे बसलेल्याचा चेहरा त्यांनी पाहिला होता. पुढे एक तरुण पकडला गेला. एका संशयितामागे किमान सहा डमी हवेत, ते वयाने, बांध्याने, रंगाने मिळतेजुळते हवेत आणि रांगेत कुठे उभं राहायचं ते संशयिताला ठरवू द्यायचं, असा दंडक. त्याप्रमाणे सगळं केलं. बाई आत आल्या. रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या, परत फिरल्या. दोघांसमोर बराच वेळ थांबल्या. शेवटी त्यांतल्या एकाच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, “हा वाटतोय. नाक असंच होतं. दाढी मात्र नव्हती तेव्हा.”

संशयित तोच होता. ‘ओळखले’ एवढं लिहून काम भागलं असतं. मी बाईंचे शब्द जसेच्या तसे घेतले, त्या दोघांसमोर थांबल्या तेही लिहिलं. बाई बाहेर पडल्यावर व्हरांड्यात एक पोलीस त्यांना म्हणाला, “मॅडम, बरोबर ओळखलंत. जुना गिऱ्हाईक आहे तो.” ते माझ्या कानावर पडलं, म्हणून तेही टिपणात घेतलं.

खटला उभा राहिला तेव्हा दोनेक वर्षं उलटली होती. साक्षीच्या पिंजऱ्यात बाई ठामपणे म्हणाल्या, “पाहताक्षणी ओळखलं होतं मी. तो चेहरा जन्मात विसरणार नाही.” आरोपीच्या वकिलांनी माझं टिपण वाचून दाखवलं. इतर पुरावा तोकडाच होता. संशयाचा फायदा देऊन आरोपीला सोडण्यात आलं. कोर्टाबाहेर बाई मला म्हणाल्या, “साहेब, मी खोटं बोलले असंच वाटलं असेल ना सगळ्यांना?”

बाई खोटं बोलल्या नव्हत्या. शपथेवर जे सांगितलं ते त्यांच्या मनात तसंच होतं. पण ‘वाटतोय’चं ‘हाच’ मधल्या काळात झालं होतं आणि त्याची सुरुवात व्हरांड्यातल्या त्या शाबासकीपासून झाली असावी, असं मला आजही वाटतं. तो तरुण खरा चोर असेल, तर बाईंना न्याय मिळाला नाही. नसेल, तर एका निरपराध माणसाच्या आयुष्याची दोन वर्षं नासली. भेसळ झालेली आठवण फिर्यादीलाही बुडवते आणि आरोपीलाही.

पुढे या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये नेमका हाच प्रकार तपासला होता. लोकांना एका गुन्हेगाराचं चित्रीकरण दाखवलं आणि मग अशा फोटोंतून त्याला ओळखायला सांगितलं, की ज्यांत तो नव्हताच. म्हणजे प्रत्येकाची निवड चुकलेली. त्यांतल्या काहींना ‘छान, संशयित बरोबर ओळखलात’ असं सांगितलं. तेवढ्याने त्यांची खात्री तर वाढलीच. शिवाय आपल्याला चेहरा नीट दिसला होता, आपण लक्ष देऊन पाहिलं होतं, असंही ते सांगू लागले. एका वाक्याने मागे जाऊन पाहण्याचीच आठवण बदलली.

1984 मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात जेनिफर थॉम्पसन या विद्यार्थिनीवर बलात्कार झाला. अत्याचार होत असतानाही तिने त्या माणसाचा चेहरा निश्चयाने निरखून ठेवला होता. फोटोंतून आणि मग रांगेतून तिने रोनाल्ड कॉटनला ओळखलं. रांगेनंतर तिला सांगण्यात आलं, की फोटोतही तू यालाच निवडलं होतंस. तिची खात्री पक्की झाली. पुढे खरा गुन्हेगार बॉबी पूल कोर्टात तिच्यासमोर आणला गेला, तेव्हा तिने त्याला ओळखलं नाही. 1995 मध्ये डीएनए तपासणीने कॉटन निर्दोष ठरला. तोवर त्याने दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता.

प्रश्न कसा विचारला जातो, यानेही आठवण वळते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, ‘आदळून चक्काचूर झाल्या’ तेव्हा किती होता? आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी ‘धडकल्या’ गटातल्या 50 पैकी 7 जणांना ती दिसली होती आणि ‘चक्काचूर’ गटातल्या 50 पैकी 16 जणांना.

याचा अर्थ साक्षीदारावर विश्वासच ठेवू नये, असा नाही. साक्षीदाराची स्मरणशक्ती म्हणजे व्हिडिओ टेप नव्हे, तेव्हा बारीकसारीक तफावतींवरून त्याला खोटं ठरवू नये, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्येच भोगिनभाई हिरजीभाई खटल्यात सांगितलं आहे. माझं म्हणणं एवढंच, की जप्त केलेल्या चाकूला आपण जागेवर लाखेचं सील लावतो, पंचांच्या सह्या घेतो आणि मगच तो मुद्देमाल म्हणून कोर्टात जातो. साक्षीदाराची पहिली आठवण तितकीच मोलाची असते आणि ती मात्र दोन-दोन वर्षं उघड्यावर पडलेली असते.

म्हणून, आपल्यासमोर अपघात, चोरी, मारामारी घडली, तर एवढं कराच.

कुणाशी चर्चा करण्याआधी पाहिलेलं स्वतः लिहून काढा. अंतर किती होतं, उजेड कसा होता, किती वेळ दिसलं, हे लिहा. काय दिसलं नाही तेही लिहा. खाली तारीख-वेळ टाका. घटनेच्या वेळी किंवा लगेच नंतर केलेलं स्वतःचं टिपण साक्ष देताना स्मरणासाठी पाहण्याची मुभा 1872 च्या पुरावा कायद्यात होती आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे ‘हाच तो चोर’ छापाचे फोटो परेडआधी पाहू नका. कुणी दाखवलेच, तर दंडाधिकाऱ्यांना आपणहून सांगा. नाहीतर तुम्ही रस्त्यावरचा चेहरा ओळखताय की मोबाइलवरचा, हे तुम्हालाही कळणार नाही.

पोलिसांनी जबाब लिहिला, की तो वाचून दाखवायला सांगा. ‘बहुतेक’ हा शब्द तुम्ही वापरला असेल, तर तो जबाबात असू द्या.

परेडमध्ये खरा माणूस रांगेत नसूही शकतो. ‘यांच्यात तो नाही’ किंवा ‘सांगता येत नाही’ हीसुद्धा उत्तरंच आहेत. खात्री किती आहे ते तिथेच, आपल्या शब्दांत सांगा आणि लिहून घ्यायला लावा. परेडनंतर ‘बरोबर ओळखलं का?’ असं कुणालाही विचारू नका.

घरच्यांसाठीही एक सांगणं. मुलाने किंवा आजीने काही पाहिलं असेल, तर ‘त्याच्या हातात चाकू होता ना?’ असं विचारू नका. ‘काय दिसलं?’ एवढंच विचारा आणि मध्ये न बोलता ऐका.

जे आज या कामात आहेत, त्यांना कळकळीची विनंती. परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे माहीत नसेल अशी व्यवस्था करा. साक्षीदाराचे पहिले शब्द, त्याचं थांबणं, अडखळणं, सगळं चित्रित करा. आणि ‘ओळखत नाही’ म्हणणाऱ्या साक्षीदाराकडे कपाळाला आठ्या घालून पाहू नका. त्यानेही तपासाला मदतच केलेली असते.