हवेपेक्षा विरळ कृष्णविवर!

हॉस्टेलवर कोणालाही विचारा, कृष्णविवर म्हणजे ‘भयंकर घट्ट गोळा’ हेच उत्तर मिळतं. पण लोखंडी गोळ्याचं वस्तुमान ८ पट केलं तर त्रिज्या दुप्पटच होते. घटना क्षितिजाची, म्हणजे जिथून प्रकाशही सुटत नाही त्या सीमेची, त्रिज्या मात्र थेट ८ पट! कारण मुक्तिवेग ठरतो वस्तुमान भागिले त्रिज्या यावर.

सूर्याएवढ्या वस्तुमानाला ही त्रिज्या साधारण ३ किलोमीटर. एम ८७ दीर्घिकेतलं कृष्णविवर (२०१९ साली फोटो आला तेच) सुमारे ६५० कोटी सूर्यांएवढं. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो: त्रिज्या जवळजवळ १९०० कोटी किलोमीटर, आणि सरासरी घनता आपल्या खोलीतल्या हवेच्या निम्म्याहून कमी! अर्थात ही नुसती सरासरी. आत वस्तुमान असं सारखं पसरलेलं नसतं.