उत्तर येत नाही तेव्हा…

बाबांच्या ऑपरेशनआधी मी रोज हरिपाठ म्हणत होतो. तरी बाबा गेले. महिनाभर हरिपाठाला हात लावला नाही.

मग तुकोबा आठवले. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. विठ्ठलानं उत्तर दिलं नव्हतं. तरी तुकोबांनी देहूतलं त्याचं पडकं देऊळ दुरुस्त केलं, आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली. गाथेत ते देवाशी चक्क भांडतात, पण बोलणं तोडत नाहीत. ऐकणारा आहे याची खात्री असल्याशिवाय कोणी भांडतं का?

मित्रांनो, रिस्पॉन्स आला नाही म्हणजे कनेक्शन तुटलं, हे आपलं ऑफिसातलं गणित. भक्तीत ते चालत नाही. मागणं सुचत नसेल तर आज तक्रार करा. काल मी तेच केलं, मग हरिपाठ उघडला.

रामकृष्णहरी!