हळदीच्या अर्काची हिरवी प्रभा

शेजारच्या सांगलीची हळद कोल्हापुरांत घरोघर असते. पण तिचा एक चमत्कार फार थोड्यांनीं पाहिला असेल. चिमूटभर हळद स्पिरिटांत ढवळून गाळावी आणि अंधाऱ्या खोलींत त्या पिवळ्या अर्कावर, दुकानदार नोटा पारखण्याकरितां वापरतात त्या जंबुपार दिव्याचा प्रकाश पाडावा. (दिव्याकडे मात्र टक लावून पाहूं नये.) अर्क हिरवट प्रभेनें उजळून निघतो. आमच्या वर्गांतील एकानें घरची हळद पाण्यांत कालवून आणली. ती उजळली नाहीं, तेव्हां त्यानें लागलीच वाण्यास लबाड ठरविलें!

हा निवाडा उतावळेपणाचा होता. हळदीचें रंगद्रव्य कर्क्युमिन हें पाण्यांत फारसें विरघळतच नाहीं. जें विरघळतें, तेंही अंधुकच दिसतें. कारण असें कीं, प्रकाश शोषून उद्दीपित झालेल्या रेणूस पूर्वस्थितीला येण्याचे दोन मार्ग असतात : मिळालेली ऊर्जा प्रकाशरूपानें टाकणें, किंवा आंतल्या आंत खर्चून भोवतालच्या द्रवास उष्णतारूपानें देणें. या शर्यतींत जो मार्ग त्वरेचा, त्याच्या वांट्यास अधिक ऊर्जा जाते.

द्रव बदलला कीं शर्यतीचा निकालही बदलतो. मुंबईंतील भाभा अणुसंशोधन केंद्रांत के. इंदिरा प्रियदर्शिनी व त्यांचे सहकारी यांनीं कर्क्युमिन निरनिराळ्या द्रवांत तपासून इ. स. २००० मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. उद्दीपित रेणू बहुतेक द्रवांत एक नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भागही, टिकत नाहीं. या रेणूंत दोन ऑक्सिजन-अणूंच्या मध्यें एक हायड्रोजन असतो. उद्दीपनानंतर तो एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो, आणि ऊर्जा निसटण्याची ही एक मोठी वाट आहे. मेथॅनॉलमध्यें या सरकण्यास सुमारें ७० पिकोसेकंद लागतात, असें इ. स. २००९ मध्यें अमेरिकेंतील संशोधकांनीं मोजलें. तेवढ्या अवधींत खुद्द प्रकाशाची धांव अवघी दोन सेंटिमीटर! पाण्याचे रेणू तर हायड्रोजन-बंधांनीं कर्क्युमिनला घेरून ऊर्जेस उष्णतेची वाट अधिकच सुगम करून देतात.

भेसळीची परीक्षा निराळी आहे, व ती प्रयोगशाळेंत शिक्षकांसमक्षच करावी. हळदीच्या अर्कांत तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यास गुलाबी छटा येते. पाणी घालतांच ती गेली तर हळद. टिकून राहिली तर मेटॅनिल यलो नांवाचा कृत्रिम रंग मिसळला आहे असें समजावें. त्या विद्यार्थ्याच्या हळदीची छटा पाण्याच्या पहिल्या धारेसरशी नाहींशी झाली.