गोचिडांवरील औषध आणि कुत्र्यास होणारी विषबाधा

पावसाळ्याच्या दिवसांत कुत्र्याच्या कानांत व बोटांच्या बेचक्यांत गोचिडांचा सुळसुळाट होतो. अशा वेळी शेतासाठी वा कुळागरासाठी आणलेले कीटकनाशक पाण्यात कालवून त्याने कुत्र्यास आंघोळ घालण्याचा प्रकार कोठे कोठे घडतो. हेतू चांगला असला तरी तो जिवावर बेतू शकतो. क्लोरपायरीफॉससारखे ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील औषध कातडीतून शरीरात भिनते; शिवाय कुत्रे अंग चाटते, त्यामुळे ते पोटातही जाते.

मज्जातंतूंचा संदेश पोहोचविणारे ॲसिटिलकोलीन हे द्रव्य, काम होताच शरीरातील एका विकराकडून नाहीसे केले जाते. हे विष त्या विकरालाच निकामी करते. परिणामी ग्रंथी व स्नायू अखंड उत्तेजित राहतात. तोंडातून लाळेच्या तारा, उलट्या, जुलाब, अंगास कंप, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे ही लक्षणे थोड्याच वेळात दिसू लागतात. श्वासनलिका आकुंचन पावून स्रावाने भरतात व छातीत घरघर सुरू होते. मृत्यू ओढवतो तो बहुधा श्वास कोंडल्यामुळे. म्हणूनच केवळ पोट बिघडले असे समजून सकाळची वाट पाहणे धोक्याचे ठरते.

कुत्र्यास प्रथम मोकळ्या हवेत आणावे. रबरी हातमोजे घालून साबण व भरपूर पाण्याने त्याचे अंग धुवावे. मात्र धाप लागली असल्यास त्यात वेळ न दवडता दवाखाना गाठावा. वाटेत कुशीवर, मान सरळ राहील असे निजवावे. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढणे, दूध, तूप किंवा ताक ओतणे हे उपाय सर्वस्वी टाळावेत. धापा टाकणाऱ्या जनावराच्या घशात ओतलेला द्रव फुफ्फुसांत उतरतो. औषधाची बाटली वेष्टनासह सोबत न्यावी. पशुवैद्यक वेळीच ॲट्रोपिनचे इंजेक्शन देऊ शकले तर पुष्कळ जनावरे वाचतात.

लाळ गाळणारे कुत्रे पिसाळले असे ठरवून लोक काठ्या घेऊन धावतात, तेव्हा बरे होऊ शकणारे जनावर हकनाक मरते. तथापि ते पिसाळलेले नाहीच, हेही घरच्यांना सांगता येत नाही. त्याच्या तोंडात हात घालू नये. लाळ जखमेस लागल्यास ती जागा साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे.