सिरपच्या बाटलीतील विष

भिवंडीत पावसाळा लागला की घरोघरी खोकला सुरू होतो. यंत्रमागांतून उडणारी कापसाची तूस त्यात भर घालते. धाकट्या भावंडासाठी गोड सिरपची बाटली आणण्याचे काम पुष्कळदा तुमच्याकडेच येते. त्या बाटलीत काय असते, ते आज पाहू.

सिरपच्या एका चमच्यात प्रत्यक्ष औषध थोडेच असते. बाकी पाणी, साखर आणि विद्रावक. पुष्कळशी औषधे पाण्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. योग्य प्रमाणात ती निर्धोक असतात. डायएथिलीन ग्लायकॉल हा त्यांचाच नातलग. तोही रंगहीन, दाट आणि गोडसर, पण विषारी. यकृतात त्यापासून डायग्लायकोलिक आम्ल तयार होते. ते मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी मारते. मग लघवी कमी होत होत बंद पडते.

या विषाचा इतिहास जुना आहे. १९३७ साली अमेरिकेत त्यात विरघळवलेल्या सल्फानिलामाइडने शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांत अनेक मुले होती. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरिनामुळे १४ रुग्ण दगावले; त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली. २०२५ साली छिंदवाडा जिल्ह्यात ‘कोल्ड्रिफ’ सिरपमुळे वीसहून अधिक बालके गेली. त्यांतील अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते.

आता थोडे गणित करू. कोल्ड्रिफच्या तपासलेल्या नमुन्यात हे विष ४८.६ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ४८.६ ग्रॅम होते. मान्य मर्यादा ०.१ टक्का, म्हणजे ४८६ पट! ५ मिलिलिटरच्या एका चमच्यात २.४३ ग्रॅम विष झाले. १२ किलो वजनाच्या बालकाला ते किलोमागे सुमारे ०.२ ग्रॅम पडते, तर ६० किलोच्या माणसाला ०.०४ ग्रॅम. चमचा तोच, पण मात्रा पाचपट! शिवाय दिवसातून तीन चमचे दिले, तर विष तिप्पट जाते.

डोळ्यांनी किंवा जिभेने हा फरक कळत नाही. परंतु प्रॉपिलीन ग्लायकॉल सुमारे १८८, डायएथिलीन ग्लायकॉल २४५ आणि ग्लिसरीन २९० अंश सेल्सिअसला उकळते. अशा गुणधर्मांतील फरकांचा उपयोग करून गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रात हे पदार्थ वेगळे ओळखता येतात. म्हणूनच कारखान्यात विद्रावकाचे प्रत्येक पिंप वापरण्यापूर्वी तपासणे अत्यावश्यक आहे. तेथे झालेली चूक घरी सुधारता येत नाही.

आपल्या हाती काय आहे? दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा देऊ नयेत, असे केंद्र सरकारने २०२५ मध्ये बजावले आहे. लहान मुलांचा साधा खोकला बहुधा आपोआप बरा होतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सिरप आणू नका, उरलेली बाटली दुसऱ्या मुलाला देऊ नका. औषध घेतलेल्या मुलाची लघवी कमी झाली, तर बाटलीसह ताबडतोब रुग्णालय गाठा.

करून पाहा : पॅरासिटामॉलच्या एका सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम, तर दुसऱ्यात २५० मिलिग्रॅम औषध असते. १० किलोच्या मुलाला प्रत्येकाच्या एका चमच्यातून किलोमागे किती मात्रा मिळेल? आणि तुमच्या घरातील चहाचा चमचा खरोखर ५ मिलिलिटरचा आहे का, ते पाणी मोजून ठरवा.