वही आधी, गाडी नंतर

टेमघरला संध्याकाळी गाड्या रांगेत लागल्या की धंद्यात नव्यानं उतरणारी पोरं हमखास विचारतात, "काका, ही पिकअप ॲव्हरेज किती देते?" मी त्यांनाच विचारतो, "काय भरून? कुठं जाऊन? परत येताना हौदा भरलेला की रिकामा?" पोरांना वाटतं, काका उत्तर द्यायचं टाळतात. पण हा प्रश्न मी स्वतः दोनदा अर्धवट विचारला होता, आणि दोन्ही वेळा उरलेल्या अर्ध्या उत्तराचे पैसे हप्त्यांसोबत भरले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या टेमघरच्या एका अंगाला यंत्रमागांची भिवंडी, दुसऱ्या अंगाला रांजणोली नाका आणि तिथून सुटलेला मुंबई-नाशिक महामार्ग. माणकोली, अंजूरफाटा, पूर्णा, काल्हेर हा सगळा पट्टा गोदामांचा. इथं भाड्याला तोटा नाही. पण भाडी दोन जातीची असतात. एक घाट चढून नाशिकला जाणारं, दुसरं गोदाम ते गोदाम, माग ते प्रोसेस हाउस असं दिवसभर याच टापूत फिरणारं. या दोन कामांना दोन वेगळी इंजिनं लागतात, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पहिली गाडी मी 2018 साली घेतली. विक्रेत्यानं तीन गाड्या दाखवल्या. मी फक्त ॲव्हरेजचा आकडा विचारला आणि ज्या गाडीचा आकडा मोठा, तिच्यावर बोट ठेवलं. इंजिन लहान, पासिंग, म्हणजे कायद्यानं भरता येणारं वजन, 1.2 टनाचं. रिकामी किंवा अर्धी भरलेली गाडी खरोखर सुरेख चालायची. पण मला काम मिळालं ते नाशिकचं. पार्टी म्हणायची, "फेरीला दोन टन नेत असशील तर भाडं तुझं." मी नेऊ लागलो.

रांजणोलीहून नाशिक सुमारे 130 किलोमीटर. पडघा, आसनगाव, शहापूरपर्यंत रस्ता फार त्रास देत नाही. कसाऱ्यापासून घाट लागतो. इगतपुरी समुद्रसपाटीपासून जवळपास 600 मीटरवर आहे आणि आपली भिवंडी खाडीच्या काठाला. म्हणजे गाडीत जे काही आहे ते सगळं 600 मीटर उचलायचं. पुढे एका शिक्षक मित्रानं मला याचं गणित मांडून दाखवलं. एक टन वजन एवढं वर न्यायला, डिझेलमधली निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते हे धरून, साधारण अर्धा लिटर डिझेल नुसतं चढण्यातच जातं. गाडी आणि माल मिळून तीन टन असतील तर दीड लिटर. हे डिझेल कुठलीही कंपनी वाचवून देऊ शकत नाही. चढ सगळ्यांना सारखाच.

फरक पडतो तो चढताना इंजिन कसं वागतं यात. माझं लहान इंजिन दोन टन घेऊन घाटात दुसऱ्या गियरच्या वर जाईना. आरपीएम वर, आवाज मोठा, वेग माणसाच्या धावण्याइतका. डिझेल इंजिन सर्वांत कमी तेलात सर्वांत जास्त काम करतं ते मधल्या आरपीएमवर, बऱ्यापैकी लोड असताना. तो पट्टा सोडून ते ताणलं की प्रत्येक लिटरमागचं काम घटतं. वळणावर गाडी थांबली की पुन्हा उचलताना क्लच अर्धा दाबून धरावा लागायचा. जळक्या वासाची सवय झाली. सातव्या महिन्यात क्लच प्लेट गेली. विकत घेताना ऐकलेला 18 चा आकडा माझ्या हातात 10 वर आला होता.

पैशाचं दुःख मी विसरलो असतो. एक उतार मात्र विसरलो नाही. नाशिकहून कांदा भरून येत होतो, शेजारी माझा बारा वर्षांचा मुलगा होता. घाटात गाडी गियरमध्ये असूनही धरेना. लहान इंजिनाला पासिंगपलीकडचं वजन रोखून धरता येत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले, पेडल मऊ पडलं. मी वरचा गियर सोडून खालचा टाकला, डोंगराकडच्या कडेला गाडी घेतली आणि ती कशीबशी थांबली. मुलगा काही बोलला नाही, नुसता दांडी घट्ट धरून बसला होता. त्या दिवशी मला कळलं की इंजिनाची निवड हा निव्वळ तेलाच्या खर्चाचा प्रश्न नाही. ज्या गियरमध्ये घाट चढतो त्याच गियरमध्ये उतरावं, हा जुन्या चालकांचा नियम खरा आहे. पण तो पासिंगइतक्याच वजनाला लागू पडतो.

ती गाडी मी विकली आणि 2021 मध्ये दुसऱ्या टोकाला गेलो. अडीच लिटरच्या आसपासचं दणकट इंजिन, पासिंग 1.7 टन. आता घाटाची भीती नाही म्हणून खूश होतो. पण तोवर नाशिकच्या पार्टीनं माल मोठ्या ट्रकांकडे वळवला होता. मला मिळालं ते जवळचं काम. भिवंडीतून कोऱ्या कापडाचे तागे डोंबिवली एमआयडीसीला, खोकी काल्हेरहून ठाण्याला. दिवसाला 40 किलोमीटर, हौद्यात फार तर 600 किलो, आणि गोदामाच्या फाटकावर नंबर येईपर्यंत इंजिन चालू. अशा इंजिनाची नुसती आयडलिंगही तासाला अर्धा लिटर आणि त्याहून जास्त डिझेल खाते. ॲव्हरेज साडेनऊवर आलं. इथं इंजिन ताणलं जात नव्हतं, उपाशी होतं. मोठ्या इंजिनाला स्वतःचे पिस्टन, पंप, बेअरिंग फिरवायलाच बरंच तेल लागतं. काम थोडं असलं तरी तो खर्च सुटत नाही.

वर दुसरं दुखणं आलं. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्या बीएस-6 झाल्या. डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. ही काजळी जाळून टाकायला धुराचं तापमान बरंच वर जावं लागतं. महामार्गावर एकसारख्या वेगानं वीस-पंचवीस मिनिटं चाललं की ते आपोआप होतं. अंजूरफाट्याच्या कोंडीत ते कधीच होत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागला, मी दुर्लक्ष केलं. फिल्टर स्वतःला साफ करत असतानाच माझा चालक गाडी बंद करून चहाला जायचा. एके दिवशी भर रस्त्यात इंजिनानं ताकद कमी करून घेतली. सफाईच्या बिलात आठवड्याची कमाई गेली. गाडीनं इशारा दिला होता. चूक माझी होती.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. तारीख, कुठून कुठं, काट्यावरचं वजन, किलोमीटर, डिझेल, थांबलेला वेळ, परतीचा माल. टाकी नेहमी गळ्यापर्यंत भरायची, पुढच्या वेळी पुन्हा तितकीच भरायची, आणि मधल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरनं भागायचं. डॅशबोर्डवरच्या आकड्यापेक्षा हा हिशोब खरा. या वहीनं मला जे शिकवलं ते तीन हिशोबांत मांडतो. डिझेल लिटरला 90 रुपये धरलं आहे.

पहिला हिशोब नाशिकच्या फेरीचा. लहान गाडी पासिंगइतकंच, म्हणजे 1.2 टन भरून 13 चं ॲव्हरेज देते. 130 किलोमीटरला 10 लिटर, 900 रुपये. टनाला 750. मोठी गाडी 1.7 टन भरून 11 देते. पावणेबारा लिटरच्या वर, साधारण 1,064 रुपये. टनाला 626. ॲव्हरेज कमी देणारी गाडी इथं स्वस्त पडते. आपल्याला भाडं किलोमीटरचं मिळत नाही, मालाचं मिळतं. म्हणून खर्चही टनामागेच मोजायला हवा.

दुसरा हिशोब जवळच्या कामाचा. 600 किलो, 40 किलोमीटर. लहान गाडी 14 देते, 257 रुपये. मोठी साडेनऊ देते, 379 रुपये. रोज 122 रुपयांचा फरक. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर तीन हजारांवर. हप्त्यासोबत हा फरक अंगावर घेऊन मी दीड वर्ष फिरलो.

तिसरा हिशोब सर्वांत फसवा. तीच लहान गाडी, दोन टन, 10 चं ॲव्हरेज. 13 लिटर, 1,170 रुपये, टनाला फक्त 585. कागदावर ओव्हरलोड सगळ्यात स्वस्त दिसतो! मीही इथंच फसलो होतो. कायदेशीर भरलेल्या मोठ्या गाडीच्या मानानं फेरीला 80-82 रुपये वाचतात. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड 20,000 रुपयांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. म्हणजे अडीचशे फेऱ्यांची बचत एका पावतीत जाते. क्लच, टायर, पाटे यांचा खर्च वेगळाच. अपघात झालाच तर काट्याची पावती विमा कंपनीच्याही हातात असते. आणि मुलगा दांडी धरून शेजारी बसलेला असतो.

आता गाडी घेणाऱ्यांना माझं सांगणं.

कंपनीचं ॲव्हरेज खोटं नसतं, पण ते तुमचं नसतं. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर, ठरलेल्या वेगाच्या तक्त्यानुसार चालवून तपासतात. त्यात कसारा घाट नाही आणि अंजूरफाटाही नाही. हा आकडा दोन गाड्यांची तुलना करायला वापरा, धंद्याचा हिशोब करायला नको.

जाहिरातीत हॉर्सपॉवर वाचण्याआधी टॉर्क बघा, आणि तो किती आरपीएमवर मिळतो तेही बघा. भरलेली गाडी उचलायला आणि चढायला कमी आरपीएमवरचा टॉर्क लागतो. साधारण दीड लिटरच्या इंजिनातही आज फार फरक आहे. टाटाच्या इंट्रा व्ही30 आणि व्ही50 मध्ये इंजिन एकाच मापाचं, 1,496 सीसीचं, पण टॉर्क पहिलीत 140 आणि दुसरीत 220 न्यूटन-मीटर. म्हणून सीसी बघून ठरवू नका. वजन आणि चढ जास्त असेल तर बोलेरो पिकअपच्या अडीच लिटरसारखं किंवा योद्धाच्या 2.2 लिटरसारखं इंजिन आपली किंमत वसूल करतं. फक्त हौदा भरलेला असला पाहिजे.

पूर्ण काम शहरातलं आणि टनाच्या आतलं असेल तर डिझेलच हवं असा हट्ट धरू नका. 2022 पासून इंट्रा व्ही20 सारख्या पेट्रोल-सीएनजी पिकअप मिळतात. त्यात डीपीएफची कटकट नाही. पण सिलिंडरचं वजन पासिंग खातं, घाटात ताकद कमी पडते, आणि पंपावरच्या रांगेत गेलेला वेळही खर्चच आहे. तोही वहीत लिहा.

आरसी बुकातलं सकल वजन वाचा. 3,000 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला वाहतूक परवान्याची (परमिटची) सक्ती नाही, म्हणून बऱ्याच पिकअप त्याच्या जरा खाली ठेवलेल्या असतात. सकल वजनातून गाडीचं स्वतःचं वजन वजा करा, चालक आणि हेल्परही वजा करा. उरतं ते खरं पासिंग. लोखंडी हौद्याला वरून जाळी, फळ्या, टप चढवलात तर तेवढा माल कमी झाला.

रस्त्यावर वेग आवरा. वेग 60 वरून 80 केला की हवेचा विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो. उंच फडफडणारी ताडपत्री तो आणखी वाढवते. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. आमणे आपल्याच तालुक्यात, आणि तिथून बोगद्यातून गेलं की कसारा घाट टळतो. वळणावळणाला थांबून उचलणं वाचतं, क्लच वाचतो. पण उंची तीच चढायची आहे, आणि मोकळा रस्ता बघून पाय दाबला तर वाचलेलं तेल वेगात जातं. टोल आणि डिझेल दोन्ही बाजूंनी लिहून बघा, मग रस्ता ठरवा.

आणि बीएस-6 गाडी शहरात चालवत असाल तर दिवा लागल्या दिवशी रिकामी का होईना, पडघ्यापर्यंत एका दमात नेऊन आणा. त्यात जळणारं डिझेल फिल्टरच्या बिलापेक्षा कितीतरी कमी असतं.

गेल्या वर्षी माझ्या भाच्यानं पिकअप घ्यायचं काढलं. मी त्याला म्हटलं, "एक महिना दुसऱ्याच्या गाडीवर जा आणि रोज वही लिही. मग शोरूमला येतो तुझ्याबरोबर." त्याला वाटत होतं, आपलं काम नाशिकचं आहे, मोठंच इंजिन घ्यावं. महिन्याच्या शेवटी आम्ही दोघं वही घेऊन बसलो. सव्वीस दिवसांत नाशिकच्या फेऱ्या चारच होत्या. बाकी बावीस दिवस अंजूरफाटा, काल्हेर, कशेळी, आणि वजन सात-आठशे किलो. त्यानं लहान इंजिन घेतलं. नाशिकची भाडी तो मोठी गाडी असलेल्या शेजाऱ्याला देतो आणि शेजारी त्याला जवळची कामं देतो. माझा मुलगाही आता गाडी शिकतो आहे. त्याच्यासाठी मी अजून गाडी बघितलेली नाही, कोरी वही मात्र आणून ठेवली आहे.